नोटिशीतला एक शब्द

डिचोलीच्या मामलेदार कचेरीच्या सोप्यावर माझं टेबल,
एक पाय दुमडलेल्या पुठ्ठ्यावर.
बुधवारी, बाजार अर्धा उठल्यावर
कुशावती गाड आली,
हातांना सोलांचा आंबट वास,
पालिकेचा कागद यंत्रावरच ठेवला
आणि म्हणाली,
‘वाच. उगाच गोड करून सांगू नको.’

यू आर हियरबाय ॲडव्हाइज्ड.
म्हणजे, पंधरा दिवसांत जागा मोकळी करावी
असा आपणांस सल्ला देण्यात येत आहे.

‘सल्लो?’ ती हसली, तोंडावर पदर न घेता.
‘सल्लो माझी जाव देते. रोज देते.
आयकलो ना जाल्यार?’

जाल्यार पोलीस, मी म्हणालो.

‘मगे तो सल्लो कसलो?’

चाळीस वर्षं हा शब्द बडवतो आहे मी,
हे कुणी विचारलं नव्हतं.

शाळेत कायतान सरांनी फळ्यावर दोन्ही लिहिले होते.
सी असेल तर नाम, एस असेल तर क्रियापद.
नामाच्या शेवटी साप फुत्कारतो: ॲडव्हाइस.
क्रियापदाच्या शेवटी मधमाशी: ॲडव्हाइझ.
झ जिभेवर गुणगुणली नाही तर
सर पुन्हा म्हणायला लावत, साऱ्या वर्गाचं पोळं व्हायचं.
आणि अनेकवचन नाही, म्हणायचे,
इंग्रज सल्ले मोजत नाही,
फार तर तुकडा म्हणतो,
पोदेराकडच्या शिळ्या उंड्याचा असावा तसा.
आम्हांला नवल वाटे.
आमच्या घरी तर मोजूनच सांगत,
चार गोष्टी. कायम चार.

वडिलांच्या वेळी कागद पोर्तुगेज होता.
आव्हीझु.
रेजिदोराचा माणूस खळ लावून दारावर चिकटवून जायचा.
वडिलांना वाचता येत नसे,
पण खळीचा वास आला की ते
आधी गोठ्यातली गुरं मोजून यायचे.

आणि बँकेत, पैसे कापून झाल्यावर
जी चिठ्ठी हातात पडते,
तिचंही नाव ॲडव्हाइस.

यातलं काही तिला सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो, शेजारून आला तर सल्ला,
वरून खाली आला की हुकूम.

‘आणि खालून वर गेलो तर?’

तर विनंती.

‘ती नको. लिही.’

कागद चढवला. बोटं सवयीने निघाली:
काइंडली ॲडव्हाइझ.
‘हें किदें?’
कृपया सल्ला द्यावा.
‘दिलो मरे त्यांनी! आणखी मागतोस?’
कागद तिनेच ओढून काढला, रोलर कळवळला.

‘लिही. अध्यक्षांनी एका बुधवारी
पहाटे पाचला यावं.
माझ्या गोणपाटावर बसावं. एका बाजूला ओटंब,
एका बाजूला मिरची, समोर गटार.
दुपारपर्यंत उठू नये, तहान लागली तरी,
कारण उठलं की जागा वाळपयची बाई घेते.
असा त्यांस सल्लो.
तोच शब्द घाल. त्यांचाच.’

यू आर हियरबाय ॲडव्हाइज्ड.

माझ्या यंत्रातला एस झिजलाय,
खालची कमान उमटत नाही,
सीच वाटतो. एरवी चालवून घेतो,
कचेरीत कोण बघतं.
त्या दिवशी पेन काढलं आणि तिच्यासमोर
ते वळण पुरं केलं,
कागदाला मागून फोड येईल इतकं दाबून.

चाळीस रुपये झाले. तिने तीस दिले
आणि मूठभर सोलां.
आवक खिडकीवरच्या पोराने
न वाचता शिक्का मारला.

आज सतरावा दिवस. बुधवार.
सोप्याच्या टोकाला गेलं
की तिचा कोपरा दिसतो.
दहा वाजले.
मी रिबन उलटी करतो आहे,
अजून उठलो नाही.